पंडिता रमाबाई आणि विधवांचे घर

फ्रान्स देशातील बर्गंडी प्रांतात इ. स. १६०१ साली एक तरुण सरदार शिकारीस गेला असता सोबत्याच्या बंदुकीची गोळी चुकून लागून जबर जखमी झाला आणि काही दिवसांतच मरण पावला. त्याच्या पत्नीचे नाव झान द शांताल. वय तिशीच्या आतले आणि पदरी चार लहान मुले. पुढची कित्येक वर्षे तिने सासऱ्याच्या वाड्यात, तेथील कारभारणीची अरेरावी निमूटपणे सोसत काढली. अखेर १६१० मध्ये मुलांची व्यवस्था लावून तिने घर सोडले आणि आन्सी या गावी बिशप फ्रान्सिस द सेल्स यांच्या साह्याने धर्मभगिनींचा एक नवा संघ स्थापन केला. ती निघाली तेव्हा तिचा पौगंडवयातील मुलगा उंबरठ्यावर आडवा पडला आणि ती डोळे पुसत त्याला ओलांडून गेली, असे तिच्या चरित्रांत सांगतात. ज्या स्त्रियांना प्रकृतीमुळे वा वयामुळे इतर मठ घेत नसत त्यांना, आणि विधवांनाही, या संघाचे दार खुले होते. आजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करावी असा संघाचा मूळ हेतू होता. परंतु स्त्रियांनी मठाच्या भिंतीबाहेर वावरणे तेव्हाच्या धर्माधिकाऱ्यांस रुचले नाही, आणि थोड्याच वर्षांत त्या भगिनींना भिंतीआडच राहावे लागले. १६४१ मध्ये झान वारली तेव्हा संघाचे ऐंशीहून अधिक मठ झाले होते. १७६७ मध्ये तिला संतपद मिळाले.

ही परदेशची हकीकत प्रारंभीच देण्याचे कारण असे की, तिच्यामुळे पुढील चरित्र नीट समजते. युरोपातील कॅथॉलिक समाजात पती निवर्तलेल्या स्त्रीला निदान एक दार तरी सन्मानाने उघडे होते. आपल्याकडे त्यानंतर अडीचशे वर्षांनी काय स्थिती होती? उच्च मानल्या गेलेल्या जातींत आठ-दहा वर्षांची मुलगीदेखील विधवा होई, तिचे केशवपन होई, एक वेळचे जेवण, अंगावर जाडेभरडे लुगडे आणि घरातील अंधाऱ्या कोपऱ्यात जन्मभराचे राबणे तिच्या वाट्याला येई. मंगलकार्यात तिचे दर्शनही नको असे. बाहेर पडायचे ठरवले तरी जायचे कोठे, हाच खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर विटा-मातीत बांधून दाखविणारी बाई आपल्याच प्रदेशाच्या मातीत जन्मली. इंग्लंडात ती अशाच धर्मभगिनींच्या सहवासात राहिली, पण स्वतः भगिनी झाली नाही. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई होत. ज्या कलबुर्गीस आमच्या गावची मंडळी कामानिमित्त हुमनाबादवरून नेहमी जातात, त्या कलबुर्गीशीही त्यांच्या चरित्रातील एक प्रकरण जोडलेले आहे. ते आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही पुढे सांगणार आहो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, आजच्या कर्नाटक राज्यातील कार्कळच्या बाजूस, सह्याद्रीच्या गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्या भागात तुळू, कन्नड, कोकणी आणि चित्पावनांची मराठी बोली अशा चार भाषा एकाच बाजारात कानी पडतात. आमची मातृभाषा कोकणी असल्यामुळे या जन्मस्थानाविषयी आम्हांस थोडी अधिक आपुलकी वाटते, हे वाचकांपासून कशाला लपवावे! वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. तरुणपणी पुण्यास त्यांच्या गुरूंनी पेशव्यांच्या राणीस संस्कृत शिकविलेले त्यांनी पाहिले होते, आणि स्त्रीलाही देववाणी शिकवावी हा ध्यास त्यांनी तेथूनच घेतला. पहिल्या पत्नीस शिकविण्याचा प्रयत्न घरच्यांच्या विरोधामुळे फसला. ती निवर्तल्यावर दुसऱ्या पत्नीस, म्हणजे लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकविले. यावरून गहजब झाला. उडुपीच्या पंडितसभेपुढे उभे राहून त्यांना आपल्या कृतीस शास्त्राधार दाखवावा लागला आणि तो त्यांनी दाखविला. लोकांच्या कटकटीपासून दूर राहावे म्हणूनच ते अरण्यात जाऊन राहिले होते.

त्या अरण्यातील घरही फार काळ टिकले नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या अतिथींच्या आणि विद्यार्थ्यांच्या पोषणात होते-नव्हते ते संपले, आणि रमा सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तिला म्हणे वेताच्या टोपलीत घालून डोक्यावरून नेले. तेथून पुढे सोळा वर्षे या कुटुंबास घर म्हणून नव्हतेच. देवळात, नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावयाचे, श्रोत्यांनी दिलेल्या दक्षिणेवर गुजराण करावयाची आणि पुढचे क्षेत्र गाठावयाचे, असा त्यांचा क्रम असे. पहाटे आई मुलीला उठवी आणि उजाडेपर्यंत पाठ घेई. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक रमेला मुखोद्गत झाले होते. आमच्या वर्गात दहा श्लोक पाठ करावयाचे म्हटले तर काय गडबड उडते, ते विद्यार्थिवर्ग जाणतोच.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला लोक येईनात, आणि आले तरी देण्यासारखे त्यांच्याजवळ काही उरले नव्हते. शारीरिक कष्टाचे काम या कुटुंबाने कधी केले नव्हते आणि भीक मागणे त्यांच्या मानी स्वभावास मानवेना. भांडीकुंडी गेली, वस्त्रे गेली, पुढे रानातील फळे आणि पाला खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. १८७४ मध्ये वडील गेले. काही आठवड्यांनी आई गेली. मरणोन्मुख आईसाठी भाकरी मागायला रमा एका घरी गेली, तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला, पण तो आईच्या घशाखाली उतरला नाही. प्रेताला खांदा द्यायला पुरेसे लोक मिळेनात, म्हणून मुलीने खांदा दिला. उंचीने ठेंगणी असल्यामुळे तिला तिरडी डोक्यावर घ्यावी लागली. पुढे थोरली बहीणही वारली. उरली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास.

ही दोन भावंडे हजारो मैल पायी हिंडली. दक्षिणेकडून ती थेट काश्मीरच्या वाटेपर्यंत गेली. झेलम नदीकाठी थंडी असह्य झाली, तेव्हा अंगावर पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डे खणून त्यांत निजावयाचे, मान तेवढी उघडी ठेवून अंगावर वाळू ओढून घ्यावयाची, अशा त्यांनी रात्री काढल्या. रानबोरे मिळाली तर ती बियांसकट गिळावयाची. या भटकंतीत दोघांचाही जुन्या व्रतवैकल्यांवरील विश्वास डळमळू लागला. सांगितलेली सर्व व्रते त्यांनी केली होती, सर्व तीर्थांत स्नाने केली होती, आणि घरातील तीन माणसे उपाशी मेली होती.

१८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची एक मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते, श्लोक रचते आणि शास्त्रार्थ करते, हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. परीक्षा घेऊन त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी तिला वेद वाचण्यास दिले. स्त्रियांना वर्ज्य मानलेला हा ग्रंथ तोपर्यंत तिनेही उघडला नव्हता. धर्मशास्त्रातील स्त्रीविषयक वचने तिने याच सुमारास बारकाईने वाचली आणि तिचे मन अस्वस्थ झाले. १८८० मध्ये भाऊ ढाक्यास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणीपद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते आणि प्रांतानेही परके होते, त्यामुळे दोन्हीकडचे आप्त दुरावले. आसामच्या सिलचर गावी त्यांनी संसार मांडला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या विकाराने बिपिनबाबू गेले. विवाहाला दोन वर्षेही झाली नव्हती. चोविसावे वर्ष पुरे होण्याआधीच रमाबाई विधवा झाल्या, आणि पदरी दहा महिन्यांचे मूल होते.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. आई-बाप नाहीत, भाऊ नाही, सासर नाही, माहेर नाही. अशा स्थितीत त्या काळची दुसरी कोणतीही बाई काय करू शकली असती, ते आम्हांस सुचत नाही. रमाबाई मूल कडेवर घेऊन पुण्यास आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. स्त्रीधर्मनीति नावाचे पुस्तक लिहिले. सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना मुलींसाठी स्त्रीशिक्षिका हव्यात, शाळातपासणीसही स्त्रियाच हव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण मिळाले पाहिजे, अशा मागण्या त्यांनी केल्या. स्वतः वैद्यक शिकावे असे त्यांच्या मनात होते. पुण्यास त्यांची गाठ इंग्लंडातील वाँटेज गावच्या धर्मभगिनींशी पडली. प्रॉटेस्टंट म्हणविणाऱ्या अँग्लिकन पंथातही अशा भगिनींचे मठ एकोणिसाव्या शतकात पुन्हा निघाले होते, आणि वाँटेजचा मठ १८४८ पासूनचा होता. मूळचे काशीचे शास्त्री आणि पुढे ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोरे यांच्याशीही त्यांच्या चर्चा होत. स्त्रीधर्मनीतीच्या विक्रीतून प्रवासाचा खर्च उभा करून १८८३ मध्ये रमाबाई मुलीसह इंग्लंडला निघाल्या.

वाँटेजच्या मठात त्यांना राहावयास जागा मिळाली. त्याच्या मोबदल्यात भारतात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावयाचे असे ठरले. या दिवसांत एकदा लंडनमधील फुलम येथील मठाच्या शाखेत त्यांना काही दिवसांसाठी पाठविण्यात आले. वाईट मार्गाला लागलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी तेथे भगिनींनी घर चालविले होते. त्या स्त्रियांना कोणी हिणवीत नव्हते. त्यांना काम शिकविले जात होते, त्या आजारी पडल्या तर त्यांची शुश्रूषा होत होती, आणि हे सारे कुलीन घरच्या बायका आपल्या हातांनी करीत होत्या. आपल्याकडे अशा स्त्रीची सावलीही कोणी अंगावर पडू देत नसे. रमाबाईंच्या पुढील सर्व कार्याचे बीज फुलमच्या त्या चार दिवसांत आहे, असे आमचे मत आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी येताच महाराष्ट्रात वादळ उठले. एका विदुषीने स्वधर्म सोडला याचा ज्यांना धक्का बसला, त्यांत तिचे चाहतेही होते. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये सत्सार या आपल्या पुस्तिकेत तिची बाजू घेतली. वाचकांपैकी बहुतेकांची घरे निरनिराळ्या देवांना भजणारी असतील. कोणाला रमाबाईंचा तो निर्णय पटेल, कोणाला पटणार नाही. परंतु धर्म बदलल्यामुळे त्या कोणाच्या आज्ञेत जाऊन बसल्या असे जर कोणी समजत असेल, तर तो त्याचा गैरसमज आहे. मठातील त्यांचे पुढचे दिवस हे चांगलेच दाखवून देतात.

भगिनींची अपेक्षा अशी की, या विदुषीने वडीलधाऱ्यांचे ऐकावे आणि चर्च सांगेल ते मानावे. रमाबाईंनी मात्र बापाच्या मांडीवर बसून वादविवाद ऐकले होते आणि पंडितांच्या सभा जिंकल्या होत्या. त्रैक्याचे तत्त्व त्यांना पटेना, म्हणून त्या ते मान्य करीनात. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. तेथे पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला, तेव्हा भारतातील बिशपांनी हरकत घेतली. ज्या बाईने कलकत्त्यात भर सभेत पुरुषांपुढे व्याख्याने दिली, तिला हा निर्बंध कसा रुचावा? गळ्यातील क्रुसावर लॅटिन शब्द कशासाठी, आपल्या देशाची संस्कृत भाषा का नको, असाही त्यांनी वाद घातला. मांस तर नाहीच, पण अंडेही त्यांनी कधी खाल्ले नाही. भगिनींना यात जातीचा जुना अभिमान दिसे, आणि रमाबाईंना ती आपली आवड वाटे. मुलीला कोणती शिकवण द्यावी यावरूनही खटके उडाले. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला आहे. तो वाचताना दोन्ही बाजूंची माया दिसते आणि दोन्ही बाजूंचा हट्टही दिसतो. आम्हांस विचाराल तर हट्ट रमाबाईंचा थोडा अधिक, आणि न्यायही त्यांच्याच बाजूस अधिक.

वैद्यक शिकण्याचा बेत मात्र मोडला, कारण त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते. फेब्रुवारी १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. वैद्यकीय पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून आज ज्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत असते, त्याच या आनंदीबाई. ११ मार्चला तो समारंभ झाला. रमाबाई काही महिन्यांसाठी गेल्या होत्या, त्या तेथे तीन वर्षांच्या आसपास राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये निघाले आणि त्याच्या हजारो प्रती खपल्या. गावोगावी व्याख्याने देऊन त्यांनी निधी जमविला. बॉस्टन शहरी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे खर्च चालविण्याचे वचन दिले. भारतात विधवांसाठी एक शाळा आणि घर काढावयाचे, आणि तेथे कोणाच्या धर्मात हात घालावयाचा नाही, अशी मूळ अट होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन उघडले. प्रारंभी मुली अगदी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पहिल्यावहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. याच गोदूबाईंशी पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. कर्व्यांनी नंतर हिंगण्यास स्त्रीशिक्षणाचे जे मोठे काम उभे केले ते सर्वश्रुत आहे. त्यांच्या घरी शारदासदनाची विद्यार्थिनी नांदत होती, एवढे येथे सांगणे पुरे. १८९० मध्ये सदन पुण्यास गेले. मुलींचा स्वयंपाक, सोवळेओवळे, व्रते जशीच्या तशी चालू दिली जात. केशवपनाची सक्ती नव्हती. विधवा मुली बागेत खेळतात, हसतात, गातात ही गोष्टच त्या काळच्या पुण्याला नवी होती.

मग १८९३ चे वादळ आले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. वृत्तपत्रांतून, विशेषतः केसरीतून, कडक टीका झाली. सदनाच्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे थोर सुधारक होते. त्यांनी राजीनामे दिले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. या वादात दोष कोणाचा? पालकांनी मुली शिकण्यासाठी पाठविल्या होत्या, धर्मांतरासाठी नव्हे. त्यांचा संशय निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. उलट, आपल्या खोलीत प्रार्थना करताना दार लावून घे, असे एका आईसमान बाईस सांगावयाचे तरी कोणी, हाही प्रश्न उरतोच. एक मात्र खरे की, नेलेल्या मुलींपैकी कित्येकींना पुन्हा त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात बसावे लागले असेल. वाद जिंकणारांनी त्यांच्यासाठी त्या वेळी दुसरे घर बांधून ठेवले नव्हते.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. ही बातमी वाचून रमाबाईंना आपले बालपण आठवले नसते तरच नवल. त्या स्वतः तेथे गेल्या आणि अन्नावाचून वणवण करणाऱ्या, दलालांच्या हाती सापडण्याच्या बेतात असलेल्या शेकडो मुली आणि विधवा घेऊन आल्या. आता जात पाहावयाची नव्हती आणि कूळही पाहावयाचे नव्हते. शारदासदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते, येथून पुढे ज्यांना कोणी नाही अशा सर्वांसाठी काम सुरू झाले. पुण्यात प्लेगामुळे एवढ्या जणींना ठेवण्यास बंदी आली. रमाबाईंनी पुण्याच्या पूर्वेस, दौंडच्या अलीकडे, केडगाव येथे शंभरएक एकर जमीन घेऊन फळबाग लावली होती. तेथे तंबू ठोकून, झोपड्या बांधून राहावयास प्रारंभ झाला. विहिरी खणल्या, इमारती उठल्या आणि १८९८ मध्ये मुक्तिसदन रीतसर उभे राहिले. १९०० साली गुजरात-राजपुतान्यात दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचे रोजचे जेवण म्हणजे काय, याचा हिशेब आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनी करून पाहावा! तेथे शेती होती, गोठा होता, तेलाचे घाणे होते, हातमाग होते, शिवणकाम होते आणि छापखानाही होता. ही सर्व कामे बायकाच करीत. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निराळे होते. फुलमला पाहिलेले घर येथे केडगावच्या माळावर उभे राहिले. वृद्धांसाठी निराळी जागा होती आणि अंध मुलींसाठी शाळा होती. मनोरमेने अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून घेतली होती, ती तिने या मुलींना शिकविली. रमाबाई स्वतः पांढरे लुगडे नेसत, केस आखूड ठेवीत आणि सर्वांबरोबर राहत. दुरून पाहणाऱ्यास त्या एखाद्या मठाच्या प्रमुख भगिनी वाटाव्यात. पण त्यांच्यावर बिशप नव्हता, शपथ नव्हती, आणि एकच पंथ असा उरला नव्हता. मुक्तीतील मुली ख्रिस्ती वातावरणात वाढत हे उघड आहे, आणि लहान पोरक्या मुलींना त्यात निवडीची संधी कितीशी होती, हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. तो आक्षेप आम्हांस पोकळ वाटत नाही. पण त्या मुलींना दुष्काळाच्या रस्त्यावरून उचलणारे इतर हात फार थोडे होते, हेही तितकेच खरे.

झान द शांताल आपल्या मुलाला ओलांडून गेली. रमाबाईंनी आपल्या मुलीला बरोबर घेतले. कधी इंग्लंडात, कधी अमेरिकेत शिक्षणासाठी दूर ठेवावे लागले, तरी मनोरमा परत येऊन आईच्याच कामात उभी राहिली. आईला ऐकू कमी येई, म्हणून पाहुण्यांशी बोलणे, पत्रव्यवहार आणि हिशेब तिच्याकडे आले. आणि येथे आपल्या कलबुर्गीचा संबंध येतो. १९१२-१३ च्या सुमारास रमाबाईंनी कलबुर्गीस, तेव्हाच्या गुलबर्ग्यास, मुलींसाठी शाळा काढली आणि मनोरमा तिची मुख्याध्यापिका झाली. हा मुलूख त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि मुलींच्या शिक्षणाची तर येथे फारच हलाखी होती. मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या ज्या लोहमार्गावर केडगाव आहे, त्याच मार्गावर सोलापूर ओलांडले की गुलबर्गा लागते. त्यामुळे केडगावची माणसे येथवर येणे-जाणे सोपे होते. मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू या चारही भाषांच्या या सीमेवर, जन्माने अर्धी बंगाली, आईच्या बाजूने कोकणस्थ आणि शिक्षणाने विलायती अशी ती तरुण बाई मुलींना शिकवीत होती. आमच्या भागातील मुलींच्या शाळांचा इतिहास कोणी लिहिलाच, तर मनोरमाबाई मेधावी हे नाव त्यात वरच्या बाजूस यावयास हवे. विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे हे काम मनावर घेईल काय?

रमाबाईंच्या शेवटच्या पंधरा-सोळा वर्षांतील मोठे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. आधीचे भाषांतर उपलब्ध होते, पण त्यातील संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातील बाईस समजत नाही, अशी त्यांची तक्रार होती. जिने बारा वर्षांच्या वयात भागवत मुखोद्गत केले तिनेच संस्कृत शब्द दूर सारून साधी मराठी लिहावी, यात आम्हांस त्यांच्या विद्वत्तेची खरी कसोटी दिसते. अवघड लिहिणे पंडितास सोपे असते. मूळ ग्रंथ समजावा म्हणून पन्नाशीच्या घरात असताना त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, छपाई, बांधणी ही कामे मुक्तीतील बायकांनी केली. दुष्काळात उचलून आणलेल्या, तेव्हा एक अक्षरही न येणाऱ्या मुलींपैकी काही जणी आता छापखान्यात उभ्या होत्या. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे आम्हांस काही वाटत नाही.

आपल्यामागे मनोरमा मुक्ती चालवील असे सर्वांनी धरले होते. परंतु अतिश्रमाने तिची प्रकृती ढासळली आणि जुलै १९२१ मध्ये मिरज येथे, चाळिसाव्या वर्षी, ती वारली. आई, बाप, बहीण, भाऊ, पती यांना पोहोचवून आलेल्या रमाबाईंना आता मुलीलाही पोहोचवावे लागले. त्यांनी काम थांबविले नाही. बायबलाची मुद्रिते राहिली होती, ती त्या रोज तपासीत बसत. ते काम हातावेगळे झाले आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनी देह ठेवला. वय त्रेसष्ट वर्षांचे होते.

केडगावची संस्था आजही चालू आहे. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने रमाबाईंचे चित्र असलेले तिकीट काढले. त्यांचे भाषांतर मुक्तीच्या छापखान्यातून १९२४ मध्ये पुस्तकरूपाने बाहेर पडले, आणि त्याचे खिळे जुळविणाऱ्या बहुतेक जणी, त्यांच्या नावापुढे कोणाचेही घर नसताना, केडगावास आल्या होत्या.